हेडिंग वाचून फोन करणाऱ्यांचं काय करायचं?

पत्र थोडक्यात असं आहे, ओळख पटंल असे तपशील काढलेत. लातूर जिल्ह्यातल्या एक ताई, वय पस्तिशीच्या आसपास, शहरात क्लासवर शिकवतात, सासर शेतकरी. एका जिल्हा दैनिकाच्या रविवारच्या पानावर महिन्यातून एकदा लिहितात. मागच्या महिन्यात उसावर लिहिलं. लेखाचं म्हणणं असं की शेतकरी काही हौसेनं ऊस लावत नाही, दराची थोडीफार हमी असलेलं दुसरं पीकच आपण त्याला ठेवलं नाही, सोयाबीनला तशी खरेदी द्या मग ऊस आपोआप कमी होतो का नाही बघा. छापून आलं तेव्हा वर हेडिंग होतं, ‘मराठवाड्यातला ऊस बंद करा!’ सकाळी आठच्या आत फोन सुरू. ‘शेतकऱ्याच्या जीवावर उठलात का’, ‘कुणी लिहायला लावलं’, आणि दोघातिघांनी तर लेखाचं काही बोलायच्या आधी ‘माहेरचं आडनाव काय तुमचं’ हेच विचारलं. पानाचा फोटो भावकीच्या ग्रुपवर फिरला. चुलतसासरे, घरातले सगळे त्यांना नाना म्हणतात, कारखान्याचे जुने सभासद, ते तेव्हापासून बोलत नाहीत, एका लग्नात चारचौघात म्हणाले, ‘सूनबाई आमच्याच पोटावर पाय द्यायल्यात.’ ताईंचं विचारणं असं, ‘लोक वाचतच नाहीत, दोन ओळीत शिक्का मारून मोकळे होतात. लिहिणं बंद करावं, का आडनाव काढून लिहावं, का पोरांचा अभ्यास, परीक्षेचा ताण असे बिनवादाचे विषय घ्यावेत? चांगलं म्हणणारे पण पंधरा-वीस जण आहेत, निदान त्यांच्यासाठी तरी लिहीत राहावं का?’

ताई,

कात्रण सोबत जोडलंत हे फार बरं केलंत. लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा मुद्दाम फोनवाल्यांसारखा, म्हणजे हेडिंग, फोटो, नाव, पहिला पॅरा, बास, कागद बाजूला. दुसऱ्यांदा शेवटपर्यंत, पेन्सिल हातात घेऊन. दोन्ही वेळा दोन वेगळ्या बायका भेटल्या म्हणा ना. एक म्हणती ऊस उपटा, दुसरी म्हणती लावणाऱ्याला दोष देऊ नका. अवघड हे आहे की पहिली बाई एकट्या हेडिंगनं तयार केलेली नाही, तिला तुम्ही पण हात लावलाय.

तुमचा पहिला पॅरा बघा. सुरुवातच ‘मराठवाड्यात ऊस नकोच’ अशी. मग 2016 चं लातूर, मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे, पहिल्या खेपेला पन्नास हजार लिटरचे दहा टँकर, पाच लाख लिटर पाणी, आणि त्याच जिल्ह्यात रानात ऊस उभा. मग 2019 मध्ये विभागीय आयुक्तांच्या अहवालात मराठवाड्यात ऊसबंदीची शिफारस झाली होती ते. मग बारा ते अठरा महिने रान अडवून पाणी पिणारं पीक वगैरे. सगळं खरं आहे, आणि खरं सांगू का, अख्ख्या लेखातला सगळ्यात जोरदार भाग हाच उतरलाय. दुसरा पॅरा पण त्याच सुरात जातो. तिसऱ्यात जाऊन तुम्ही म्हणता, ‘असं म्हणणारांचं सगळंच चूक नाही, पण...’ हा ‘पण’ छापील पानावर कुठं पडलाय बघितलंत का? फोटोच्या खाली, दुसऱ्या कॉलमात, बरोबर घडी पडती तिथं. घरी लिहिताना तो तुम्हाला दोन मिनिटांवर होता, वाचणाऱ्याला तो घडी उलगडल्याशिवाय दिसतच नाही.

विरोधकाची बाजू आधी मांडायची आणि मग आपली, ही पद्धत चांगलीच आहे, वादविवाद स्पर्धेत आपल्याला शिकवलेली असती. पण तिथं ऐकणारा खुर्चीत बसलेला असतो, उठून जाऊ शकत नाही. पेपरचं तसं नाही. तुमच्या गावच्या फाट्यावरचं हॉटेल डोळ्यासमोर आणा. पेपर एक, माणसं सात-आठ. पेपर आला की पानं सुटी होतात, पहिलं पान एकाकडं, क्रिकेटचं पोरांकडं, आणि रविवारचं पान ज्याच्या हाती पडंल तो हेडिंग मोठ्यानं वाचतो, ‘मराठवाड्यातला ऊस बंद करा, बघा काय लिहायलेत.’ कुणी लिहिलंय? अमुक अमुक. कुठल्या हो ह्या? आणि झालं, चहा यायच्या आत लेखाचा निकाल लागलेला असतो. तुमचा लेख वाचायला सहा-सात मिनिटं लागतात, तेवढा वेळ कागद एकाच्या हातात टिकतच नाही, शेजारचा म्हणतो आण की इकडं, बाजारभाव बघू दे. आणि ग्रुपवर जो फोटो फिरला त्यात तर हेडिंग, तुमचा चेहरा आणि नाव सोडून एक अक्षर लागत नसणार, मोठं करून बघितलं तरी नुसत्या मुंग्या. म्हणजे भावकीतल्या निम्म्या लोकांना वाचायचं असतं तरी वाचता आलं नसतं.

आता हेडिंग. तुम्ही लिहिलंय, ‘पेपरवाल्यांनी मुद्दाम भडक दिलं.’ असंल पण. मी डेस्कवर बसलेला माणूस आहे म्हणून त्याची बाजू सांगतो, पटली तर घ्या. उपसंपादकाच्या समोर एका वेळी दोन-तीन पानं उघडी असतात, हेडिंगला जागा ठरलेली असती, त्यात चार-पाच शब्द बसवायचे असतात आणि मागून कुणीतरी ‘पान सोड, पान सोड’ करत असतं. तो वरचे दोन पॅरे वाचतो आणि त्यातलं ठसठशीत वाक्य उचलतो. तुमचं हेडिंग तुमच्याच पहिल्या वाक्यातून आलंय, त्यानं ‘नकोच’चं ‘बंद करा’ केलं आणि पुढं उद्गारचिन्ह लावलं एवढंच. म्हणजे सकाळी आठच्या फोनवाल्याच्या आधी तुमचा लेख घाईत वाचून मत बनवणारा पहिला माणूस पेपरच्या ऑफिसातच बसला होता, आणि त्याला तर ह्या कामाचा पगार मिळतो. ह्याचं खापर वाचकावर कशाला.

आणि हेडिंगवर जाणं हा काही मोबाईलनं आणलेला रोग नाही बरं का. 1897 सालचा केसरीतला अग्रलेख, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’, हे वाक्य माहीत नाही असा मराठी शाळेत शिकलेला माणूस दाखवा. आणि आता त्यांनाच विचारा की आत काय लिहिलं होतं. प्लेग, रँड इथपर्यंत येतील, त्याच्या पुढं विषय बदलतील. अख्खा लेख वाचलेले शोधायला गेलात तर दिवस जाईल. सव्वाशे वर्षं झाली, मथळा जिवंत आहे.

तुमच्या पत्रात एक वाक्य तीनदा आलंय, ‘लोक वाचतच नाहीत.’ मला हे पूर्ण पटलेलं नाही. माझं म्हणणं असं की वाचतात, पण मजकुराच्या आधी वेगळं काहीतरी वाचतात आणि त्यांच्या दृष्टीनं ते जास्त महत्त्वाचं असतं. लातूरच्या आडत बाजारात तुम्ही गेलाच असाल, सौद्याच्या वेळी व्यापारी पोत्यात हात घालतो, मूठभर सोयाबीन वर काढतो, एक दाणा दाताखाली फोडतो आणि भाव बोलतो, सगळा खेळ काही सेकंदाचा. त्याला आपण ‘न बघता भाव केला’ असं म्हणत नाही, कारण त्याच्या त्या मुठीच्या मागं हजारो पोती असतात. पण एक बघा, तो हात वरच्या वर फिरवत नाही, खाली खुपसतो, कारण वरचा माल चांगला लावलेला असतो हे त्याला पाठ आहे. वाचक पण तेच करायलाय. त्याला तुमचं मत काय हे नंतर बघायचंय, आधी हे बघायचंय की ही बाई कुणाची. कुणी लिहायला लावलं, हा प्रश्न तुम्हाला शिवी वाटला. मला तो प्रश्न वाटतो, उद्धटपणे विचारलेला, पण प्रश्न.

कारण आपल्याकडं तसं होतंच की. ज्याचा कारखाना त्याचंच कॉलेज, त्याचीच बँक, आणि पेपर त्याच्याच जाहिरातीवर. लेखमाला येती, पाण्यावर, आरक्षणावर, विमानतळावर, लोक मन लावून वाचतात आणि वर्ष-दोन वर्षांनी लेखक कुठल्यातरी समितीवर नाहीतर कुणाच्यातरी प्रचाराच्या गाडीत दिसतो. असं दोनचारदा झालं की वाचणारा पुढच्या वेळी मजकूर बाजूला ठेवून आधी वास घेतो. त्याला अनुभवानं शहाणपण आलंय, तुम्ही त्याला अडाणीपणा म्हणायलाव. दैनिक मराठवाड्याचे संपादक अनंत भालेराव हैदराबाद मुक्तिसंग्रामातून आलेले, तो माणूस कुठं उभाय हे वाचणाऱ्याला आधीच माहीत होतं, मग त्यांचं पटो न पटो. तुम्ही कुठं उभ्या आहात हे तुमच्या लेखात कळतं, पण शेवटून दुसऱ्या पॅऱ्यात.

आडनावाचं मात्र वेगळं आहे, तिथं मी वाचकाची बाजू घेणार नाही. माहेरचं आडनाव काय, हा प्रश्न बाईलाच येतो, सासरच्या आडनावानं काम भागलं नाही तर मागचं दार ठोठावायचं. कधी तो ‘गाव कोणतं’ असा येतो, कधी ‘पाव्हणे कुठले’ असा, उत्तर एकच हवं असतं. हे पहिल्यापासून होतंच, पण 2023 च्या सप्टेंबरात आंतरवाली सराटीला मराठा आरक्षणाच्या आंदोलनावर लाठीमार झाला आणि त्याच्यापुढं जे तापलं त्यानंतर तर लोक सोयाबीनचा लेख पण आडनावातून वाचायलेत. बीडला 2025 मध्ये पोलिसांच्या नावाच्या पट्टीवरून आडनावच काढलं, नुसतं पहिलं नाव ठेवलं, ते उगीच नाही. पण म्हणून तुम्ही पण काढावं का, तर मला नाही वाटत. पोलिसाच्या अंगावर वर्दी असती, आडनाव गेलं तरी तो कोण हे कळतं. तुमचं आडनाव गेलं की मागं काहीच राहत नाही, आणि तालुक्याच्या गावात दोन दिवसात सगळ्यांना कळतंय, वरून ‘लपवलं कशामुळं’ हा नवीन विषय मिळतो. टोपणनावाची आपल्याकडं मोठी परंपरा आहे, गोपाळ हरी देशमुखांनी 1848 पासून ‘लोकहितवादी’ नावानं लिहिलं, पण तुमचा नंबर लेखाखाली छापलेला असतो ताई, मग टोपणनावाचं करायचं काय.

ह्या नंबरचं आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. पेपरला कळवा की पुढच्या लेखापासून खाली मोबाईल नंबर नको, ईमेल द्या. ह्यात भित्रेपणा काही नाही. फोन करायला दहा सेकंद लागतात आणि राग तेवढाच वेळ टिकतो, मेल लिहायचा म्हटलं की माणसाला काय पटलं नाही ते सांगावं लागतं. बायकांच्या बाबतीत तर हे पहिल्या लेखापासूनच करायला पाहिजे, पानावर लिहिणाऱ्या बाकीच्या तायांनी पण वाचा हे.

आता थोडं टोचणारं बोलतो. पत्रातच तुम्ही लिहिलंय, ‘पुण्यामुंबईचे लोक मराठवाड्यावर लिहितात ते मी वाचतच नाही, त्यांना काय कळतंय.’ कारण असंल त्याला, दुष्काळ आला की तिकडून येणारे भेगाळलेल्या जमिनीचे लेख वाचून मला पण वैताग येतो. पण हे तुम्ही केलेलं आणि फोनवाल्यानं केलेलं ह्यात फरक काय? त्यानं आडनाव बघितलं, तुम्ही गावाचं नाव बघितलं. जेफ्री कोहेन नावाच्या संशोधकानं अमेरिकेत एक प्रयोग केला होता, 2003 ला प्रसिद्ध झाला. सरकारी मदतीची योजना विद्यार्थ्यांना वाचायला दिली आणि ती अमुक पक्षाची आहे असं सांगितलं. आपल्या पक्षाची म्हटल्यावर पोरांना ती आवडली, समोरच्यांची म्हटल्यावर नावडली, आत योजना कडक आहे का सैल आहे ह्याला फारशी किंमतच राहिली नाही. आणि गंमत पुढं आहे, प्रत्येकजण म्हणाला मी तर मजकूर बघूनच ठरवलं, बाकीचे लोक पक्ष बघून ठरवत असतील. ‘लोक वाचतच नाहीत’ हे वाक्य म्हणताना मला तेच ऐकू येतं.

आणखी एक जुना प्रयोग आहे, स्टॅनफर्डचा, 1985 चा. 1982 मध्ये बैरुतला पॅलेस्टिनी निर्वासितांचं हत्याकांड झालं होतं, त्याच्या टीव्हीवरच्या त्याच बातम्या इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. दोघांनी तेच बघितलं आणि दोघांना पण वाटलं की बातम्या आमच्याच विरोधात आहेत. आता हे तुमच्या लेखाला लावा. तुमच्या म्हणण्याप्रमाणं पाण्यावर काम करणाऱ्या एका कार्यकर्त्याचा पण फोन आला होता, ‘शेवटी तुम्ही ऊसवाल्यांचीच बाजू घेतली.’ ह्या फोनवर तुम्ही एकच ओळ लिहिलीय पण माझ्या मते तो सगळ्यात महत्त्वाचा फोन आहे, कारण त्या माणसानं शेवटपर्यंत वाचलेलं होतं. पूर्ण वाचलं की माणूस पटवून घेतो असं काही नसतं, पूर्ण वाचून पण भांडतो. भांडू दे की, ते भांडण लेखाशी आहे.

आणि ते चांगलं म्हणणारे पंधरा-वीस. त्यातले किती जण वाचून चांगलं म्हणाले हो? तुम्ही लिंक टाकली आणि दोन मिनिटात हार, अंगठा, ‘खूप छान ताई’, हे पण दोन ओळीतलंच मत आहे. ते गोड आहे म्हणून तुम्ही त्याला वाचक म्हणायलाव आणि हे कडू आहे म्हणून शिक्का. मैत्रीण म्हणून छान म्हणणं आणि आडनाव बघून वाईट म्हणणं, दोन्हीकडं लेख न उघडताच निकाल लागलाय. त्यांच्यावर रागावू नका, प्रेमानं केलंय त्यांनी, फक्त लिहायचं का नाही हे त्यांच्या भरवशावर ठरवू नका.

आता नाना. तुम्ही त्यांना पण हेडिंगवाल्यात टाकलंय. मी तुमचा लेख दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्याशी थांबलो, शेवटाकडं आहे, ‘कालव्याच्या वरच्या अंगाचे मोटारी टाकतात म्हणून टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाण्याची पाळी पोचत नाही.’ पत्रात तुम्हीच लिहिलंय की नानांचं रान वरच्या अंगाला आहे. मला त्यांचं घर माहीत नाही, रान माहीत नाही, पण अंदाज असा आहे की भावकीत लेख पूर्ण वाचलेला एकटा माणूस तोच असावा. ‘पोटावर पाय’ हे हेडिंगला उत्तर असंल, नाहीतर त्या वाक्याला असंल, आणि ते कुठल्याला आहे हे कळल्याशिवाय तुम्ही त्यांना समजावायला गेलात तर घोटाळा होईल. तुम्ही ‘नाना, मी ऊस बंद करा म्हटलंच नाही’ हे सांगत बसणार आणि ते मनात म्हणणार ते मला कळतंय, मोटारीचं बोल.

म्हणून कात्रण घेऊन जाऊ नका. एरवी जाता तसं जा, एखाद्या सणावाराला, मालकांना घेऊन. बिलाचं विचारा, ह्या वर्षी उसाचं पहिलं बिल किती दिवसात आलं. कायद्यानं एफआरपीचे, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या उसाच्या किमान दराचे पैसे ऊस गेल्यापासून 14 दिवसात द्यायचे असतात, नानांसारखा जुना सभासद त्याच्यावर तासभर बोलंल, कुठल्या साली किती थकलं ते तारखेसकट. त्यात तुमच्या पुढच्या लेखाचा मजकूर आहे ते एक, आणि बोलता बोलता त्यांना मोटारीचं काढायचं असंल तर काढतील. काढलं तर ऐकून घ्या, तिथं माघार घ्यायची गरज नाही, वाक्य खरं आहे तर खरं आहे. मनातलं बोलून झाल्यावर पण ते रुसलेलेच राहू शकतात हे पण धरून चला. त्यांचं रान वरच्या अंगाला आहे हे तुमच्या लिहिण्यानं बदलणार नाही आणि त्यांच्या रुसण्यानं पण नाही.

तीन पर्यायातला आडनावाचा झाला. बिनवादाच्या विषयाचं हसू आलं, माफ करा. लातुरात बसून परीक्षेच्या ताणावर बिनवादाचं लिहिणार? पोरं कुठून कुठून येतात, बाप रान गहाण टाकून फी भरतो, 2024 ला नीटच्या पेपरफुटीत लातूरचं नाव आलं. ह्यावर प्रामाणिक लिहाल तर पहिला फोन तुमच्या क्लासच्या मालकाचा येईल, आणि ताण आला की खोल श्वास घ्या असलं लिहायचं असंल तर ते कुणीही लिहितंय, त्याच्यासाठी तुम्ही कशाला पाहिजेत. लिहिणं बंद करायचं का, ह्याचं उत्तर मी देणार नाही कारण पत्रात तुम्हाला ते करायचंच नाहीये हे दिसतंय, पुढचा विषय ठरलाय तुमचा, खाली लिहिलाय पण.

मग बदलायचं काय. पहिला पॅरा. तुमच्याच लेखातली शेवटून दुसऱ्या पॅऱ्यातली वाक्यं उचलून मी वर ठेवून बघितली, शब्द तुमचेच आहेत, ‘आमच्या घरी दोन एकर ऊस आहे आणि तीन एकर सोयाबीन. ऊस कमी व्हावा असं मला वाटतं, पण सासऱ्यांना उपटा म्हणायची माझी हिंमत नाही, कारण 2024 च्या दिवाळीत सोयाबीनचा हमीभाव होता 4892 रुपये क्विंटल आणि आमचं विकलं गेलं त्याच्या बरंच खाली.’ आता ह्याच्यावर डेस्कवाल्याला ‘ऊस बंद करा’ असं हेडिंग देता येतं का बघा. त्यानं कितीही घाई केली तरी ‘उपटा म्हणायची हिंमत नाही’ असलंच काहीतरी उचलंल. हॉटेलातला माणूस एवढं वाचून पान शेजाऱ्याला देईल, तरी त्याच्या हाती तुमचीच बाजू गेलेली असंल. आणि ‘ही कुणाची’ ह्याचं उत्तर पहिल्या ओळीत मिळालं, घरी ऊस असलेली बाई आहे, तिचं पण नुकसान होणार आहे. 2016 ची रेल्वे आणि 2019 चा अहवाल नंतर येऊ द्या, आणि आणताना ‘एक म्हणणं असं आहे’ हे आधी टाका, मागून नको.

ह्यात एक तोटा आहे तो सांगायला पाहिजे. घरचं रान, घरचा भाव छापायचा म्हणजे घरच्यांना विचारावं लागंल, सासऱ्यांना नको वाटू शकतं, आणि ते नको म्हणाले तर तो पॅरा गेला. मग दुसरं काहीतरी शोधा, कुठं उभी आहे हे सांगणारं, नुसतं ‘मी शेतकऱ्याची लेक’ एवढं टाकून भागत नाही, ते आता सगळेच टाकतात, लोकांना त्याचा पण वास कळतो. तुमचं काय जातं आणि काय येतं हे त्यात दिसलं पाहिजे. दुसरं, काहीजण पहिल्याच ओळीला ‘ऊसवाली आहे’ म्हणून सोडून देतील. देऊ द्या. निदान जे तुम्ही म्हटलंय त्यासाठी सोडतील.

हेडिंग तुम्हीच द्या. लेखाच्या वर दोन-तीन लिहून पाठवा, एक लांब, एक चार शब्दाचं, कारण जागा किती निघंल ते आधी कळत नाही, आणि आयतं मिळालं तर डेस्कवरचा माणूस खुशीत वापरतो, हे मी शपथेवर सांगतो. बदललं तर आदल्या दिवशी मेसेज करा म्हणून सांगून ठेवा, करतील असं नाही, पण सांगितलेलं असावं. आणि लेख पाठवायच्या आधी फक्त पहिला पॅरा घरातल्या कुणालातरी वाचून दाखवा, शेजारच्या वहिनींना दाखवा, आणि विचारा मी कुठल्या बाजूनं आहे. आवडलं का असं विचारू नका, आवडलं असंच म्हणतात. बाजू चुकली तर पॅरा बदला, वहिनींना समजावत बसू नका.

फोन आलाच कुणाचा, तर ‘तुम्ही वाचलं का’ हे कधीच विचारू नका, तिथंच ठिणगी पडती, कुणीही हो वाचलंय असंच म्हणणार. ‘कुठली गोष्ट पटली नाही’ असं विचारा, शांत आवाजात, आणि गप बसा. वाचलेला माणूस लगेच सांगतो, मोटारीचं पटलं नाही, भावाचं चुकीचं आहे. न वाचलेला थोडा वेळ इकडं तिकडं करतो आणि ‘ते जाऊ द्या, पण तुम्ही बायकांनी’ वगैरेवर येतो, तिथं ‘बरं, ठेवते’ म्हणून फोन ठेवायचा. माहेरचं आडनाव विचारलं तर सांगा किंवा नका सांगू, तुमची मर्जी, पण त्याच्यावर खुलासा देत बसू नका, खुलाशाला तिथं शेवट नसतो.

पुढचा लेख सोयाबीनच्या हमीभाव खरेदीवर म्हणताय, तर तो केंद्रावरची नोंदणी सुरू व्हायच्या आधी पाठवा, दोन आठवडे तरी आधी, रविवारचं पान लवकर भरतं. एकदा रांगा लागल्या, बारदाना संपला, ओल जास्त म्हणून माल परत जायला लागला की लोक तिथंच अडकलेले असतात, तेव्हा धोरणावरचं कुणाला वाचायचं नसतं. आणि त्या लेखात एका खरेदी केंद्रावर स्वतः जाऊन ओल मोजायचं मशीन बघून या, कुणाच्या मालाला किती ओल लावली ते डोळ्यांनी बघितलेलं लिहा. पहिल्या पॅऱ्यातच.